पिवळं डेलरिन, मायकार्टा की जी-१०? घडीच्या चाकूची मूठ निवडताना

घडीचा चाकू घ्यायला निघालेला माणूस पात्याच्या पोलादाबद्दल तासभर चौकशी करतो आणि मूठ मात्र रंग बघून उचलतो. पात्याची धार गेली तर दगडावर घासून परत लावता येते. मुठीचं तसं नाही. जुन्या घडणीच्या स्लिपजॉइंट चाकूत खटका नसतो, पातं पाठीच्या स्प्रिंगच्या जोरावरच उघडं राहतं. मधे पितळेचे किंवा स्टीलचे पातळ पत्रे, बाहेरून मुठीच्या दोन पट्ट्या, आणि सगळं आरपार रिव्हेटांनी ठोकलेलं. तडा जातो तो बहुतेक वेळा या रिव्हेटांच्या भोकांपासून.

माझ्याकडच्या एका हाडाच्या मुठीत रिव्हेटपासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ आहे. उन्हाळ्यात तिच्यात नख अडकतं, पावसाळ्यात ती शोधावी लागते. हाड आक्रसतं आणि फुगतं. सिंथेटिक मुठीकडे वळायला मला एवढं कारण पुरलं.

रोजच्या वापराला माझं पहिलं मत डेलरिनला. हे डुपाँट कंपनीनं काढलेलं असिटल, म्हणजे एक कडक प्लास्टिक, बाजारात आलं १९६० मध्ये. यंत्रांतली छोटी दातेरी चाकंही याचीच होतात, यावरून त्याचा चिवटपणा कळावा. न्यूयॉर्क राज्यातल्या एलनव्हिलचा, श्रेड या चाकू कंपनीचा कारखाना २००४ साली बंद पडला, पण त्यांचे करवतीच्या खुणांसारखी नक्षी असलेले तपकिरी ‘ओल्ड टायमर’ चाकू अजून लोकांच्या खिशांत आहेत. पाती घासून घासून निम्मी झालेली असतात, मूठ मात्र तशीच. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या ‘केस’ची पिवळी मूठही याच पंथातली, कंपनी तिला नुसतं ‘सिंथेटिक’ म्हणते. त्यांचा ३३१८ नंबर वाचायला गंमत येते: पहिला ३ म्हणजे पिवळी सिंथेटिक मूठ, दुसरा ३ म्हणजे तीन पाती, आणि १८ हा घाटाचा नंबर. ६ ने सुरू होणारा नंबर हाडाच्या मुठीचा, पण काही काळ त्याच ६ खाली हाडासारखं कोरलेलं डेलरिनही विकलं गेलं. जुना चाकू घेताना भिंग लावा. हाडात बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात, डेलरिन कोरं असतं.

डेलरिन पाणी जवळजवळ पीत नाही, तेलाला आणि पेट्रोलला दाद देत नाही, फरशीवर पडलं तर फुटण्याऐवजी फार तर पोचा पडतो. त्याला गोंदही धरत नाही, त्यामुळे पट्टी सैल झाली तर ती नव्यानं ठोकूनच घ्यावी लागते. वर्षानुवर्षं कडक उन्हात पडून राहिलं तर ते खडूसारखं पांढुरकं होतं. खरी तक्रार एकच, ओल्या हाताला ते निसरडं लागतं.

इथे मायकार्टा पुढे जातं. कापडाचे किंवा कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून, तापवून दाबले की हा फळा तयार होतो. वेस्टिंगहाउसनं तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेच्या कामासाठी काढला. आपल्याकडे पॅनेल बनवणाऱ्यांना ‘हायलम शीट’ म्हटलं की लगेच कळतं, ते याचंच भावंड. पॉलिश न केलेल्या कापडी मायकार्टावर धाग्यांची टोकं उघडी राहतात आणि पाणी लागलं की पकड उलट वाढते. माझा मूळचा हिरवट चाकू दोन आंब्यांच्या हंगामांत शेवाळी काळा झाला. अंगठा टेकतो तिथे जास्त, रिव्हेटांजवळ कमी. कुणाला हे डाग वाटतील, मला आवडतात. रंग दुकानातल्यासारखाच राहायला हवा असेल तर मायकार्टा घेऊ नका. कागदी मायकार्टा वेगळं, ते घोटून गुळगुळीत करतात आणि जुन्या हस्तिदंतासारखं दिसतं.

जी-१० म्हणजे हीच कल्पना काचेच्या कापडावर आणि इपॉक्सीत. सर्किट बोर्डाचं सख्खं भावंड. या सगळ्यांत कणखर तेच, यात वाद नाही. पण जुन्या घाटाच्या सडपातळ चाकूवर मला ते जास्तीचं वाटतं: मुठीला काही होण्याआधी स्प्रिंग गंजेल. खरखरीत ठेवलेलं जी-१० पँटच्या खिशाची कड खातं. घरी घासून गुळगुळीत करणार असाल तर मास्क लावा आणि पाणी मारत घासा, ती धूळ काचेची असते.

स्विस लाल चाकूंचं गणित निराळं. व्हिक्टोरिनॉक्सच्या ९१ मिलिमीटर चाकूंवरची चकचकीत पट्टी सेलिडोर या सेल्युलोजपासून केलेल्या प्लास्टिकची. ती ओरखडे पटकन धरते, कठीण जमिनीवर पडली तर फुटू शकते, आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधलं असिटोन तिला विरघळवतं. पण ती ठोकलेली नसून दाबून बसवलेली असते, त्यामुळे घरच्या घरी बदलता येते. मोठ्या १११ मिलिमीटर चाकूंवर नायलॉन येतं: दिसायला मंद, वागायला दणकट. चिमटा आणि दातकोरणं हवंच असेल तर हा सौदा चांगला आहे.

सेल्युलॉइड मात्र, कितीही देखणं असो, वापरायला घेऊ नका. एकोणिसाव्या शतकातलं हे नायट्रोसेल्युलोजचं प्लास्टिक झपकन पेट घेतं, आणि म्हातारं झालं की आम्लाची वाफ सोडतं. मग त्याचं स्वतःचं पातं गंजतंच, शिवाय त्याच खणातले शेजारचे चाकूही.

भाजी, दोरी, पार्सल, पेन्सिल एवढंच काम असेल तर डेलरिन घ्या, पैसेही वाचतील. मासळी, पाऊस, ट्रेक असेल तर कापडी मायकार्टा. कुठलंही निवडलंत तरी चाकू मिटून मुठीच्या टोकाच्या धातूवरून पट्टीकडे नख ओढून बघा, मग उजेडासमोर धरून पत्रा आणि पट्टी यांच्या मधून बघा. नख अडकलं किंवा उजेड दिसला, तर त्याच नंबरचा दुसरा नग काढायला सांगा.