घरामागच्या अंगणात रात्र काढायची तर टेंट घ्यावा की मच्छरदाणी?

अंगणात एक रात्र झोपायचं ठरलंय, पोरं टेंटसाठी हटून बसलीत आणि घरात माळ्यावर जुनी मच्छरदाणी पडून आहे, अशा घरांसाठी हे लिहितोय. आमचं नाशिकला पाथर्डी फाट्याच्या बाजूला रो हाऊस आहे, मागे थोडी मोकळी जागा, एक चिकूचं झाड आणि अर्ध्या भागात शहाबाद फरशी. इथेच दोन्ही प्रकार वापरून झालेत, डिसेंबरच्या थंडीत पण आणि मे महिन्यात पण. टेंट किती माणसांचा, कापड कुठलं, वजन किती हे सगळं दुकानदार सांगतोच, ते मी सोडून देतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. भंडारदऱ्याला पाण्याच्या काठी टेंट लावला की माणूस एकदा आत शिरला की सकाळीच बाहेर येतो, कारण रात्री बाहेर जायला कारणच नसतं. घरामागे तसं होत नाही. बाथरूम दहा पावलांवर, आजी खिडकीत, शेजारी भिंतीपलीकडे. रात्रभर कोणीतरी उठतं नाहीतर कोणीतरी येतं, आणि हे टाळता येत नाही, खरं तर टाळूही नये, घरच्या अंगणात झोपण्यात अर्धी मजा तीच आहे. म्हणून माझ्या मते आत किती छान वाटतं यापेक्षा मध्यरात्री बाहेर पडायला आणि परत आत यायला किती सोपं जातं हे बघून ठरवावं.

टेंटचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. पोरांचा आनंद बघायचा असेल तर टेंटला तोड नाही. कांड्या जोडल्या, टेंट उभा राहिला की संध्याकाळी पाचपासून पोरं आत घुसून बसतात, खाऊ आत, टॉर्च आत, पत्ते आत, जेवायला पण बाहेर यायला तयार नाहीत. खालचं कापड कडेला वर वळून शिवलेलं असतं त्यामुळे मुंग्या येत नाहीत, आणि आमच्याकडे चिकूखाली लाल मुंग्या भरपूर. थंडीत वारा अडतो. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर यायला लागला की इथेही पहाटे हात गारठतात, तेव्हा हे महत्त्वाचं. खुंट्यांचं म्हणाल तर फरशीत त्या जात नाहीत आणि मे महिन्यात काळी माती पण दगड झालेली असते, पण घुमटासारखा टेंट खुंट्यांशिवाय उभा राहतो, आत चार कोपऱ्यात पाण्याचे कॅन किंवा भरलेल्या बॅगा ठेवल्या की हलत नाही.

आता जे मला खटकलं ते. टेंटची चेन.

दिवसा ती चेन काहीच वाटत नाही. पोरं शंभर वेळा उघडतात लावतात, कोणाचं लक्षही जात नाही. रात्री मात्र सगळं शांत झाल्यावर तोच आवाज टेंटच्या आत केवढा तरी मोठा येतो, कारण डोकं तिथून हातभर अंतरावर असतं. नाताळच्या सुट्टीतली आमची रात्र सांगतो. आम्ही दोघं, आमची दोन पोरं आणि भाचा, आडवे ओळीत झोपलेलो, धाकटी मधे. साडेअकराच्या सुमारास तिला शू लागली. मी उठलो, तिला बाकीच्यांच्या पायावरून उचलून दारापर्यंत आणलं, अंधारात चेनचा हुक शोधला, ओढली तर दाराच्या कडेची पट्टी दातात अडकली. ती मागे घे, पट्टी सोडव, परत ओढ. तोवर भाचा उठून बसला, त्याला पण जायचं होतं. परत आलो, चेन लावली. मग आई आली, माझी आई, हातात गोधडी घेऊन, पोरं गारठली असतील म्हणून, आणि बाहेरून हाक मारायला लागली कारण तिला ती चेन उघडता येत नव्हती. परत चेन. मग समोरच्या बंगल्यातली टाकी ओव्हरफ्लो झाली, त्यांची मोटर चालूच राहिलेली, धो धो पाणी रस्त्यावर, त्यांना उठवायला मी गेलो. परत चेन, जाताना आणि येताना. मग देवळालीच्या बाजूने तोफांच्या सरावाचा आवाज आला, आमच्याकडे तो अधूनमधून ऐकू येतो, मोठ्या पोराला बाहेर येऊन बघायचं होतं. बाहेर काही दिसत नाही रे म्हटलं, पण हट्ट. परत चेन. एकजण बाहेर जाणार म्हणजे पाचही जण जागे होणार, असं रात्रभर चाललं. पहाटे धाकटी रडवेली झाली आणि बायको तिला घेऊन आत पलंगावर जाऊन झोपली.

यात टेंट खराब होता असं मी म्हणणार नाही. चेनला मेणबत्ती घासली तर सरकते बरी, दोन दारांचा टेंट घेतला तर पायांवरून जावं लागत नाही, आणि तुमची पोरं मोठी असतील, एका झोपेत सकाळ करणारी असतील तर तुम्हाला हे जाणवणारही नाही कदाचित. पण घरात लहान मूल आणि म्हातारं माणूस दोन्ही असतील तर विचार करा.

दुसरं, थंडीत एकेरी कापडाच्या टेंटमध्ये आतून पाणी धरतं. पाच जणांच्या श्वासाची वाफ गार कापडावर बसते आणि पहाटे कोणाचा हात लागला की थेंब थेंब तोंडावर. वरची खिडकी उघडी ठेवली तर कमी होतं, पण मग गार वारा येतो. दुहेरी कापडाचा टेंट असेल तर हा त्रास बराच कमी.

मच्छरदाणीचं म्हणाल तर ती दोरीची, चार कोपऱ्यांची जुन्या पद्धतीचीच घ्या. घडी होणारी, छत्रीसारखी उघडणारी मिळते, तिलाही चेनच असते, म्हणजे आपण फिरून तिथेच आलो. आमच्याकडे एक दोरी चिकूला, दोन खिडकीच्या गजांना आणि चौथी कपडे वाळत घालायच्या तारेच्या खांबाला. खाली ताडपत्री, त्यावर सतरंजी, मग गाद्या, आणि जाळीची कड गादीखाली खोचायची.

मे महिन्यात त्याच अंगणात असे झोपलो तेव्हा पण व्यत्यय कमी नव्हते. दहाला लाईट गेली, अख्खी गल्ली बाहेर आली, शेजारचे काका जाळीबाहेर खुर्ची टाकून गप्पा मारत बसले, पोरं आतूनच त्यांना कोडी घालत होती. नंतर मांजर आली, मग कुठल्या तरी वरातीचा डीजे. धाकटी उठली तेव्हा मी फक्त माझ्या बाजूची कड उचलली, तिला घेऊन बाहेर आलो, परत येऊन कड खोचली. बाकी कोणी कूसही बदलली नाही. आई आली ती जाळीबाहेरूनच सगळ्यांना बघून, मोजून गेली. मला वाटतं तिथेच माझं ठरलं.

आणि आकाश दिसतं. शहराच्या उजेडात फार तारे नाहीत, पण मेमध्ये सप्तर्षी डोक्यावर उत्तरेला असतात आणि रात्र चढली की दक्षिणेकडे वृश्चिकाची लाल ज्येष्ठा जाळीतून पण ओळखू येते. डिसेंबरमध्ये मृगाचे तीन तारे. टेंटमध्ये वरचं कापड घातलं की यातलं काहीच नाही.

मच्छरदाणीचे तोटे पण सांगतो. हात जाळीला टेकला तर डास जाळीतून चावतो, पोरांना कडेला झोपवू नका. आणि नाशिकला डास कमी नाहीत, गोदावरीत पाणवेली वाढल्या की विचारूच नका. थंडीत वारा आरपार जातो आणि वरून दव पडून जाळी ओली होते, त्यासाठी वर एक जुनी चादर बांधायची किंवा झाडाखालीच झोपायचं, उघड्या आकाशाखाली दव जास्त धरतं. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही.

खोचण्याबद्दल मात्र आळस करू नका, हे डासांपुरतं नाहीये. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि तिचा चावा बऱ्याचदा कळतही नाही. चारी बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी तिला अडवते. खाट असेल तर आणखी चांगलं. टेंटमध्ये पण दार अर्धवट उघडं ठेवलं तर धोका तोच, आणि चेनला कंटाळून माणूस दार उघडंच ठेवतो, हे मी बघितलंय.

बिबट्याला दोन्हीपैकी काहीच अडवत नाही. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडच्या सावरकर नगरमध्ये भरवस्तीत बिबट्या शिरला होता, माणसं जखमी झाली होती. शेताला, नाल्याला किंवा उसाला लागून घर असेल, किंवा आसपास कोणाला दिसल्याची बातमी असेल तर लहान पोरांना घेऊन अंगणात झोपूच नका, गच्चीवर जा आणि जिन्याचं दार लावून घ्या. गच्चीवर पण मच्छरदाणी बरी पडते, कठड्याचे पाईप आणि टाकीचा स्टँड दोऱ्यांना मिळतो.

तर ज्यांना पुढे काजवे बघायला भंडारदऱ्याला जायचंय, अंजनेरीच्या पायथ्याला राहायचंय, त्यांनी टेंट जरूर घ्यावा, दोन दारांचा आणि दुहेरी कापडाचा, आणि अंगणात त्याची रंगीत तालीम करून घ्यावी. फक्त घरामागेच झोपायचं असेल तर मी मच्छरदाणीकडे झुकेन. पोरांचा टेंटचा हट्ट असेलच तर संध्याकाळपुरती जुन्या साड्यांची झोपडी करून द्या, आमच्याकडे चालली.

मेन रोडला किंवा शालिमारला मच्छरदाणी घ्यायला गेलात तर डबल बेडपेक्षा मोठा साईज मागा, आणि खाली खोचायला जाळीऐवजी साधं जाड कापड लावलेलं असतं ते किमान वीतभर रुंद आहे ना ते दुकानातच उलगडून बघा, कारण बारीक पट्टीची असली की पोरांच्या एका लोळण्यात निघून येते.