‘मध्यवस्ती’ की ‘मध्यवर्ती भाग’?

‘सिटी सेंटर’ला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न भाषांतर करणाऱ्याला कधी ना कधी पडतोच. माझ्यापुरता तो सुटला आहे. तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं असू शकेल.

बोलताना काही अडत नाही. कोथरूडहून लक्ष्मी रोडला निघालेला पुणेकर सरळ ‘गावात जाऊन येतो’ म्हणतो. घरातल्यांना कळतं, हा दोन तासांत परत येणार. ‘गावाला जातो’ म्हणाला असता तर बॅग भरावी लागली असती! बोरिवलीचा माणूस तसाच ‘टाउनला’ जातो. दोन्ही शब्द मला फार आवडतात, पण ऐकणाऱ्याला शहर ठाऊक असावं लागतं. ‘हॉटेल गावात आहे’ असं छापलं, तर परगावच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे खेडं उभं राहतं. ‘डाउनटाउन’ न्यूयॉर्कच्या मजकुरात ठेवावा. तिथे तो मॅनहॅटनचा दक्षिणेकडचा भाग आहे; सोलापूरला तो कशाला लावायचा?

उरले दोन. ‘शहराचा मध्यवर्ती भाग’ बिनधोक आहे, वर्तमानपत्रांत रोज येतो. मीही बरीच वर्षं तोच वापरला. मग एका प्रवासपुस्तिकेत माझ्या हातून लिहिलं गेलं : ‘शहराच्या मध्यवर्ती भागातील जुन्या भागाच्या पूर्वेकडील भागात वाडे आहेत.’ एका वाक्यात तीन भाग. एका ठिकाणी ‘परिसर’ घालून पाहिला, तर वाक्य आणखी फुगलं. शेवटी लिहिलं, ‘मध्यवस्तीच्या पूर्वेला जुने वाडे आहेत’ आणि पुस्तिकाभर तोच शब्द केला.

शिवाय ‘मध्यवर्ती’त ‘मुख्य’ हा अर्थही मिसळलेला असतो. येरवड्याचं कारागृह मध्यवर्ती आहे, पण ते शहराच्या मधोमध आहे असं कुणी समजत नाही. ‘मध्यवस्ती’ला तो घोळ नाही. मध्यवस्तीत, मध्यवस्तीतून, मध्यवस्तीतला, कुठलाही प्रत्यय सहज लागतो. आणि त्यात ‘वस्ती’ आहे. कसबा, शनिवार, सदाशिव या पेठांमध्ये खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, हे त्या एका शब्दात येतं.

नरिमन पॉइंटला मात्र तो शोभणार नाही. दिवसा कचेऱ्या गजबजलेल्या आणि रात्री शुकशुकाट, अशा जागेला मी ‘व्यापारी केंद्र’ म्हणतो. सरकारी नमुन्यातला मजकूर असेल तर ‘मध्यवर्ती भाग’ राहू द्यायलाही हरकत नाही. फक्त त्याच वाक्यात दुसरा ‘भाग’ येत नाही ना, तेवढं पाहावं.