व्यसनमुक्तीचं समुपदेशन : निवासी केंद्र की ओपीडी?

एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्रातलं एमए हातात आलं आणि व्यसनमुक्तीत काम करायचं ठरलं, की पुण्यात दोन प्रकारच्या नोकऱ्या समोर येतात. निवासी केंद्रात पेशंट महिनाभर मुक्कामाला असतो, तुमची त्याची रोज गाठ पडते. ओपीडी म्हणजे एखाद्या हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग, खासगी क्लिनिक किंवा संस्थेचं बाह्यरुग्ण केंद्र. तिथे पेशंट आठवड्याला एकदा येतो, पाऊण तास बसतो आणि घरी जातो. पद दोन्हीकडे समुपदेशकाचंच, पण एकीकडे रमलेला माणूस दुसरीकडे पार हिरमुसतो, असं मी पाहिलं आहे. मी दोन्ही केलं आहे. आता ओपीडीत आहे आणि माझं मन तिकडेच आहे, हे आधीच सांगते.

पुणेकरांच्या डोळ्यांसमोर व्यसनमुक्ती म्हटलं की मुक्तांगण येतं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीने १९८६ साली ते येरवड्याला सुरू केलं. तेव्हापासून 'ॲडमिट करणं' म्हणजेच उपचार, असं इथल्या घराघरांत धरून चालतात. निवासी कामात शिकायला खरंच खूप मिळतं. दारू बंद झाल्यावर शरीर काय काय करतं ते डोळ्यांदेखत दिसतं. पहिल्या आठवड्यात चहाचा कप दोन्ही हातांनी धरणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांना चहा देत फिरतो. सोबत डॉक्टर असतात, नर्स असतात, जुने पेशंट असतात. तुमचं एक सेशन फसलं तरी संध्याकाळची गटसभा बरंच सावरून घेते.

पण त्या आवारात परमिट रूम नाही, पगाराची तारीख नाही, सासुरवाडीचं लग्न नाही. माणूस तिथे पीत नाही कारण तिथे दारू नाही. तो घरी गेल्यावर काय होतं, ते निवासी समुपदेशकाला बहुतेक वेळा दुसऱ्या ॲडमिशनलाच कळतं.

शिवाय सगळी केंद्रं एका माळेची नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात, आणि पेशंटला साखळीने बांधायला हा कायदा साफ मनाई करतो. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवायला का कू करणाऱ्या, किंवा पेशंटला बांधून-मारून 'सरळ करणाऱ्या' ठिकाणी पगार कितीही असो, पाऊल टाकू नका.

आता ओपीडी. २०१९ साली आलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असं दिसलं, की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी साधारण एकालाच कसला ना कसला उपचार मिळाला होता. ॲडमिट होऊन उपचार मिळालेला १८० मध्ये एक. उरलेले कुठे आहेत? कंपनीत कंत्राटी कामगार आहेत, महिनाभर सुट्टी म्हणजे नोकरी गेली. हिंजवडीत आहेत, एचआरला कळू द्यायचं नाही. आणि पिणाऱ्या बायका आहेत, ज्यांना महिनाभर घराबाहेर राहायचं कारणच सांगता येत नाही. ही माणसं आली तर ओपीडीतच येणार.

तिथलं काम किती बारीक असतं ते सांगते. समजा, चाकणला फर्स्ट शिफ्ट करणारा एक दादा समोर बसला आहे. साडेचारला कंपनीची बस त्याला नाक्यावर सोडते. नाक्यापासून घरापर्यंत एक वाइन शॉप आणि दोन परमिट रूम. त्याला 'का पिता?' विचारून काही हाती लागत नाही, त्याची उत्तरं त्याने घरी शंभरदा दिलेली असतात. मी विचारते, 'बसमधून उतरल्यावर कुठल्या बाजूने चालता?' मग कळतं की डबा अकरालाच संपतो, उतरताना पोटात आग पडलेली असते, आणि पहिला पेग त्या भुकेवरच जातो. मग आम्ही ठरवतो : बसमध्ये बसतानाच शेंगदाण्याचा लाडू खायचा, एक स्टॉप आधी उतरायचं, तिथे मुलगा क्लासवरून येतो त्याच्यासोबत घरी जायचं. पुढच्या गुरुवारी तो येतो. तीन दिवस जमलं, चौथ्या दिवशी मुलाचा क्लास नव्हता आणि तो प्यायला. ही स्लिप म्हणजे पुढच्या सेशनचा सगळा माल आहे. क्लास नसेल त्या दिवशी काय, एवढंच आम्ही त्या दिवशी बोलतो. निवासी केंद्राच्या वॉर्डात हा चौथा दिवस कधीच येत नाही, म्हणून ओपीडीचं काम मला जास्त खरं वाटतं.

वॉर्डात आलेल्या पेशंटच्या बाबतीत काहीतरी ठरलेलं असतं, निदान घरच्यांनी तरी. ओपीडीतला माणूस बऱ्याचदा कुंपणावर असतो. डॉक्टरांनी लिव्हरचा रिपोर्ट दाखवून पाठवलेला, नाहीतर बायकोने 'एकदा चला तरी' म्हणून आणलेला. अशा माणसाला उपदेश केला की तो पुढच्या वेळी येत नाही, विषय संपला. विल्यम मिलर यांनी १९८३ पासून मांडलेली मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची पद्धत ओपीडीत रोज लागते. सोडायची कारणं तुम्ही मोजून दाखवायची नसतात, ती त्याच्या तोंडून यावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची 'ऑडिट' चाचणीही हाताशी असू द्या. आठ किंवा जास्त गुण म्हणजे पिणं धोक्याकडे चाललं आहे, वीस किंवा जास्त म्हणजे अवलंबित्वाची शक्यता धरून डॉक्टरांकडे पाठवायचं.

ओपीडीतला सगळ्यात मोठा धोका मात्र पेशंटच्या चांगल्या निश्चयातच असतो. रोज भरपूर पिणारा माणूस 'ताई, उद्यापासून एक थेंब नाही' म्हणतो, तेव्हा नुसतं कौतुक करून घरी पाठवू नका. अचानक थांबवल्यावर साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. श्रावण लागला की हे हमखास आठवावं. श्रावण पाळणारे महिनाभर थांबतात, आणि आपल्यासाठी ही सोन्यासारखी संधी असते, पण रोजच्या पिणाऱ्याने गटारीच्या दुसऱ्या दिवशी एकदम बंद केली तर त्याला गोळ्या लागतात आणि त्या मानसोपचारतज्ज्ञच देणार. वॉर्डात नर्स रात्री बघते. ओपीडीत ती रात्र त्याच्या बायकोच्या वाट्याला येते, म्हणून काय दिसलं की रिक्षा काढायची, हे तिला त्याच दिवशी समजावून सांगावं लागतं.

तिच्याशी बोलण्याचा आणखी एक भाग आहे. 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती वाचून कोणी भाजीत पूड कालवत असतं. ते डायसल्फिराम, म्हणजे दारूशी गाठ पडली की शरीराला त्रास देणारं औषध, असेल आणि वर तो प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. हे ओपीडीत विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, म्हणून विचारायचं.

आणि फोन. 'ताई, हे येऊन गेले का? काय म्हणाले? घेतली होती का हो?' वॉर्डात कुटुंबाची बैठक ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या खोलीत होते. ओपीडीत ती तुमच्या मोबाईलवर होते. घरच्यांना काय सांगायचं आणि काय नाही, हे पहिल्याच सेशनमध्ये दोघांसमोर ठरवून घ्या. बायकोला तिच्यासाठी म्हणून अल-ॲनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या आधारगटाच्या, मीटिंगचा पत्ता द्या. नवऱ्यावर पाळत ठेवण्यापलीकडे तिलाही काही हवं असतं.

ओपीडी एकटी पाडते, हेही खरं. वॉर्डातून माणूस निरोप घेऊन जातो, ओपीडीतून तो फक्त यायचा थांबतो. बरा झाला, पुन्हा प्यायला लागला की नोकरी बदलून छत्रपती संभाजीनगरला गेला, कळत नाही. ज्यांना शेवट कळल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी या गोष्टीचा नीट विचार करावा. स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्यांनाही मी आधी निवासी केंद्रच सुचवते. तिथे आपली माणसं आजूबाजूला असतात. ओपीडीत समोरच्याच्या तोंडाला वास येत असतो आणि खोलीत तुम्ही दोघंच असता.

वेळेचं म्हणाल तर वॉर्डात रात्रपाळ्या येतात. ओपीडीत रात्र आपली, पण कामावर जाणारे पेशंट सहानंतरच येतात, त्यामुळे संध्याकाळ गेली. पगाराबाबत एकच : अनुदानावर चालणाऱ्या ठिकाणी मानधन अनुदानाच्या हप्त्यावर अवलंबून आहे का, ते लाजू नका, विचारा.

माझा सल्ला असा : पहिलं वर्ष चांगल्या निवासी केंद्रात काढा. थरथर, घाम, भ्रम ओळखायला डोळा तयार होऊ द्या, शंभर कहाण्या कानावर पडू द्या. मग ओपीडीत या. घरच्या अडचणीमुळे थेट ओपीडीच घ्यावी लागत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ त्याच जागी किंवा फोनच्या अंतरावर असलेलीच नोकरी घ्या, आणि तुमच्या केसेस ऐकून घेणारं कोणी सीनियर आहे ना ते बघा. समुपदेशकाला क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसारखं आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन लागत नाही, त्यामुळे तुम्ही काय शिकलात हे कोणी तपासेलच असं नाही. ते तुम्हालाच बघावं लागतं.

मुलाखतीला गेलात तर एक प्रश्न तुम्हीही विचारा : फॉलोअपला न आलेल्या पेशंटला फोन कोण करतं? 'समुपदेशकच' असं उत्तर आलं, तर त्यासाठी दिवसातला वेळ धरला आहे का, की शेवटचा पेशंट गेल्यावर रात्री नऊला ते करायचं, हेही तिथेच विचारून घ्या.