लोखंडाच्या मातीवरचे रान: न्यू कॅलेडोनियातील रिव्हिएर ब्लू उद्यान

प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया या फ्रेंच प्रदेशाच्या मुख्य बेटावर, राजधानी नूमेआपासून मोटारीने सुमारे तासाभराच्या अंतरावर, १९८० साली स्थापन झालेले रिव्हिएर ब्लू हे उद्यान आहे. बहुतेक पर्यटक येथे कागू हा उडू न शकणारा, राखाडी रंगाचा आणि तांबड्या पायांचा पक्षी पाहण्यासाठी येतात. तो खरोखरच पाहण्यासारखा आहे. तरीही माझ्या मते या उद्यानाचा खरा ऐवज पायाखाली आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय परतणे म्हणजे प्रवेशशुल्काचा अर्धाच मोबदला पदरात पाडून घेणे होय.

या बेटाचा सुमारे एक तृतीयांश भाग पेरिडोटाइट या खडकाचा आहे. समुद्रतळाखालचा हा खडक इओसीन काळाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी, बेटावर चढला आणि त्यानंतर कोट्यवधी वर्षे उष्ण कटिबंधातील पावसाखाली झिजत राहिला. पाण्याने त्यातील मॅग्नेशियम आणि सिलिका वाहून नेले. जे विरघळत नव्हते ते लोखंड मात्र जागीच साचत गेले. म्हणून वरच्या थरात लोहाचे ऑक्साइड इतके दाट आहे की त्याला माती म्हणावे की खनिज, हा प्रश्न पडतो. उद्यानातील रस्त्याच्या कडेला जिथे दरड कापलेली आहे तिथे थांबून पाहावे: वर काळसर लोहगोट्या आणि काही ठिकाणी कठीण लोहकवच, त्याखाली तांबडी व मग पिवळी माती, आणि तळाशी कुजत चाललेला हिरवट खडक. निकेलचा सर्वांत समृद्ध साठा बहुधा याच खालच्या भागात असतो, कारण वरून झिरपलेले निकेल तिथे येऊन थांबते. आपल्या कोकणातला जांभाही अशाच झिजेतून तयार होतो, पण त्याचा मूळ खडक बहुतांशी बेसाल्ट असल्यामुळे त्यात निकेलची अशी श्रीमंती नाही.

अशा मातीत फॉस्फरस, पोटॅशियम आणि कॅल्शियम अत्यल्प, तर निकेल व मँगेनीज विषारी ठरावे इतके असते. येथे टिकलेल्या बहुसंख्य वनस्पती जगात इतरत्र कुठेच सापडत नाहीत, त्या यामुळेच. घटपर्णी आणि दवबिंदू (ड्रॉसेरा) या कीटकभक्षी वनस्पती अगदी वाटेच्या काठावर दिसतात. मला सर्वाधिक भावले ते निळसर-हिरव्या चिकाचे झाड. त्याच्या वाळलेल्या चिकात वजनाच्या सुमारे एक चतुर्थांश निकेल आढळले आहे. सुमारे हजार वर्षांचा मानला जाणारा प्रचंड काओरी वृक्षही चुकवू नये. उद्यानातील जलाशय ज्यामुळे तयार झाला ते याते धरण १९५९ मध्ये पूर्ण झाले तेव्हा बुडालेल्या रानाची पांढरी खोडे अजूनही पाण्यात उभी आहेत. हे धरण नूमेआच्या निकेल कारखान्याला वीज पुरवण्यासाठी बांधले गेले, म्हणजे या दृश्यामागचे कारणही शेवटी मातीतच सापडते.

व्यवस्थेबद्दल समाधान आहे. खासगी वाहने पेरिन्याँ पुलाजवळ थांबवावी लागतात. पुढे पायी, सायकलने किंवा उद्यानाच्या बसने जावे लागते. हा नियम मला मनापासून पटला, कारण रानातील शांतता आणि कागूची निर्धास्त चाल त्यामुळेच टिकून आहे. कुत्री व इतर शिकारी प्राणी आवरल्यापासून येथील कागूंची संख्या वाढली आहे, हे या व्यवस्थेचे मोठे यश मानले पाहिजे. माझी तक्रार आहे ती ज्या खासगी सहलसेवेबरोबर मी गेलो तिच्याबद्दल: वाटाड्याने पक्ष्यांची माहिती आस्थेने दिली, परंतु उघड्या दरडींजवळून गाडी न थांबवता पुढे नेली. शक्य असल्यास स्वतः मोटार भाड्याने घेऊन जावे.

सोमवारी उद्यान बंद असते. कागू पाहायचा असेल तर सकाळी लवकर पोहोचावे. झुडपी माळावर सावली जवळजवळ नाही, त्यामुळे पाणी आणि टोपी हवीच. फिकट कपडे घालू नयेत, कारण ही माती कापडात बसली की धुऊन निघत नाही. बूट मात्र येण्यापूर्वी आणि निघताना नीट घासून स्वच्छ करावेत. बाहेरचे बी किंवा बुरशी या रानात शिरली तर तिथल्या झाडांचे मोठे नुकसान होऊ शकते.