मेडिकलवरचा टिंटेड लिप बाम घ्यावा की नाही

आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. घ्या, पण रंगासाठी घ्या. ओठ फुटलेत, सालपटं निघतायत, हसलं की चिरतंय म्हणून घेणार असाल तर तो पैसा दुसरीकडे लावा, कुठे ते पुढे लिहिलंय.

मी बोलतेय ती बोटाएवढी छोटी स्टिक, जी इंदूरात कुठल्याही मेडिकलवर काउंटरवरच्या स्टँडमध्ये खोकल्याच्या गोळ्यांच्या शेजारी लटकलेली असते, चेरी, स्ट्रॉबेरी, बेरी, पीच असे फ्लेवर, आणि कॉलेजातल्या प्रत्येक मुलीच्या पर्समध्ये एक तरी असतेच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण वेगवेगळ्या तीन-चार कंपन्यांच्या वापरून झाल्यात आणि खरं सांगू का, आतला माल उन्नीस-बीस. जे लिहितेय ते दीड-दोनशे रुपयांच्या जवळपास सगळ्यांना लागू पडेल.

आता पैशाचं बघू. माझी सध्याची स्टिक साडेचार ग्रॅमची आहे आणि १८० रुपयांना पडली. म्हणजे ग्रॅमला ४० रुपये, किलोचा हिशोब केला तर ४० हजार. हे मी घरी मोठ्याने बोलले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यात साजूक तूप किती आलं असतं!" त्यांचं बरोबर आहे, पण किलोभर बाम कोण लावतंय. रोज दोन-तीनदा लावला तरी एक स्टिक काही महिने जाते, आणि लिपस्टिकच्या मानाने हे स्वस्तच, तेव्हा किंमत हा माझ्या मते तक्रारीचा मुद्दा नाही. तक्रारीचा मुद्दा रंगाच्या नावांचा आहे.

कारण बघा, पॅकवर जी मॉडेल असते तिचे ओठ मुळातच गुलाबी असतात. आपले बहुतेकींचे ओठ सावळे, कडेने गडद, खालचा वेगळा वरचा वेगळा. टिंटेड बाममध्ये रंगद्रव्य लिपस्टिकच्या मानाने अगदीच थोडं असतं, तो थर पारदर्शकच राहतो, म्हणजे तुमच्या ओठांचा रंग झाकला जात नाही, त्यावर नुसती छटा चढते. म्हणून पीच आणि बेबी पिंक घेऊन उपयोग शून्य, नुसती चमक दिसते, आणि त्यात पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असेल तर वर राखाडी झाक येते, आजारी असल्यासारखी. चेरी बऱ्यापैकी दिसतो. बेरी आणि प्लम सगळ्यात छान दिसतात, गव्हाळ आणि सावळ्या दोन्ही रंगांवर. माझी नणंद माझ्यापेक्षा गोरी आहे, तिने पीच लावला तर मस्त दिसतो, मी तोच लावला तर तीच मला विचारते, "वहिनी, तू काही लावलंयस का नाही अजून?" तर शेड निवडताना पॅकवरचा रंग बघू नका, मनगटाच्या आतल्या बाजूला ओढूनही फारसं कळत नाही, बोटाच्या टोकावर लावून बघा, तिथला रंग ओठांच्या थोडा जवळ जातो.

आणि एक गंमत म्हणजे ते "प्रत्येकीसाठी वेगळा गुलाबी" वाले रंग बदलणारे बाम. कांडी फिकट किंवा पारदर्शक दिसते आणि ओठांवर दोन मिनिटांत राणी कलर होतो. पॅकच्या मागे बारीक अक्षरात सीआय ४५४१० (सीआय म्हणजे रंगाचा ठरलेला नंबर) असं दिसलं की समजायचं, तो एक डाय आहे जो ओठांवरच्या ओलाव्यात गेला की गुलाबी होतो. तुमची माझी प्रकृती वगैरे तो काही ओळखत नाही, सगळ्यांना साधारण तोच राणी गुलाबी देतो, फरक दिसतो तो खालच्या ओठांच्या रंगामुळे. पण टिकतो मात्र हाच, कारण तो कातडीला डाग देतो. बाकी टिंटमध्ये लाल लेक (न विरघळणारी रंगाची पूड) नाहीतर आयर्न ऑक्साइड असतं, ते वरच्यावर बसलेलं असतं आणि बामबरोबर निघून जातं.

टिकण्याचं म्हणाल तर चहाच्या कपापर्यंत. खरंच. सकाळी लावून निघा, छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे खा, वर लिंबू पिळलेलं, सेव, जीरावन मसाला, झालं, ओठ परत होते तसे. त्यात इंदूरच्या मुलींचा अजून एक प्रॉब्लेम आहे जो कुठल्याही रिव्ह्यूत कोणी लिहीत नाही, तो म्हणजे स्टोल. आपण गाडीवर बसलो की आधी डोळे सोडून सगळं तोंड बांधतो, ऊन असो धूळ असो, आणि विजयनगरला पोचून सोडलं की अर्धा रंग स्टोलला लागलेला. पांढऱ्या चिकनकारीच्या ओढणीवर चेरीचा डाग जातो हो, पण डायवाल्याचा पटकन जात नाही, तेव्हा गाडीवर जायचं असेल तर उतरल्यावर लावा. आरशाची गरज नाही, हाच टिंटेड बामचा खरा फायदा. लिपस्टिक अशी लिफ्टमध्ये न बघता लावता येत नाही, हा येतो, रेषेबाहेर गेला तरी कळत नाही. ऑफिसला रोज लिपस्टिक लावायचा कंटाळा येतो आणि काहीच न लावता व्हिडिओ कॉलवर चेहरा उतरलेला दिसतो, त्या मधल्या अवस्थेसाठी ही वस्तू बनलेली आहे आणि तिथे ती शंभर टक्के काम करते.

आता ओलाव्याचं. पॅकवर आठ तास, बारा तास काय काय लिहिलेलं असतं. आठ तास तो ओठांवर राहतच नाही तर काम कसलं करणार. ओठांना तेलग्रंथी नसतात, वरचा थर बाकी कातडीपेक्षा खूप पातळ, म्हणून पाणी भराभर उडतं, आणि आपल्या माळव्याची थंडी कोरडी, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि दिवसा कडक ऊन, ओठांची वाट लागते. त्यात जीभ फिरवायची सवय, ओलं केलं की दोन मिनिटं बरं वाटतं, मग ते पाणी उडतं आणि लाळेतली पाचक द्रव्यं आधीच चिरलेल्या जागी अजून जळजळ करतात. अशा ओठांनी सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन गराडू (तळलेला कंद) खाऊन बघा, लिंबू आणि जीरावन मारलेला गरम गराडू, डोळ्यात पाणी येतं, ते काही चवीने नाही.

अशा वेळी पाहिजे असतो जाड, साधा, वासबिस नसलेला थर जो पाणी उडू देत नाही. म्हणजे पेट्रोलियम जेली. चेसब्रो नावाच्या माणसाने अमेरिकेत १८७२ मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून या एका कामात तिला मागे टाकेल असं स्वस्तात काही मला तरी दिसलेलं नाही. टिंटेड स्टिकमध्येही थोडंफार तेच असतं, पण स्टिक उभी राहायला मेण जास्त लागतं, वर रंग, सुगंध, चमक, म्हणजे कामाचा भाग कमी उरतो. मी काय करते, रात्री झोपताना ओठ किंचित ओले करून त्यावर जेलीचा जाड थर, सकाळी सालपटं मऊ झालेली असतात, ओल्या रुमालाने हलकेच पुसायची, ओरबाडायची नाहीत, मग दिवसभर टिंट. सालपटांवर टिंट लावला तर रंग नेमका भेगांमध्ये जाऊन बसतो आणि जे लपवायचं तेच उठून दिसतं.

आजी म्हणते रात्री बेंबीत तेलाचे दोन थेंब घाल, ओठ फुटणार नाहीत. तिच्या समाधानासाठी घालते, पण बेंबीतून ओठापर्यंत तेल जायला रस्ता नाहीये. तिचा दुसरा उपाय, घरचं लोणी, तो मात्र पटतो, तोही शेवटी स्निग्ध थरच, फक्त उशीला वास येतो. बोरोलीनवाल्यांनाही माझा विरोध नाही, १९२९ पासून कलकत्त्याहून येतंय आणि अजून घराघरात आहे, पण झिंक ऑक्साइडमुळे ओठ पांढरे दिसतात तेव्हा रात्रीच बरं. आणि ओठांचे नुसते कोपरेच चिरत असतील, पुन्हा पुन्हा, तर हे सगळं सोडा आणि डॉक्टरला दाखवा, ते बहुतेक वेगळंच काही असतं.

वासाबद्दल माझं मत जरा कडक आहे. चेरीचा जो वास येतो तो चेरीचा नसतोच बऱ्याचदा, बेन्झाल्डिहाइड नावाच्या रसायनाचा असतो, बदामाच्या इसेन्सलाही तोच, म्हणून काहींना चेरी बाम उघडला की लहानपणचं खोकल्याचं औषध आठवतं. मला आवडतो. पण फुटलेल्या ओठांना सुगंध चावू शकतो, आणि मेन्थॉल, कापूर, दालचिनी असलेले "कूलिंग" प्रकार तर नकोच. थंड झणझणलं की काम करतंय असं वाटतं, ती नुसती झणझण असते, पुढे ओठ अजून कोरडे आणि आपण परत लावतो. लोक म्हणतात बामची सवय लागते, व्यसन लागेल असं त्यात काही नसतं, पण हे चक्र मात्र खरं आहे.

एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, असेल तर तोच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. खालचा ओठ उन्हाकडे तोंड करूनच असतो आणि आपण सनस्क्रीन ओठ सोडून लावतो. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे किरण, अडवतं, ३० असेल तर ९७, पण ते जाड थर लावला तर, आणि दर दोन तासांनी परत लावलं तर. एकदा फिरवून निघालात तर पॅकवरचा आकडा पॅकवरच राहिला. चव किंचित कडू लागते, ती सनस्क्रीनच्या फिल्टरची, माल खराब आहे असं नाही.

आपल्याकडे महत्त्वाचा प्रश्न, व्हेज का नॉनव्हेज. हसू नका, माझी ऑफिसातली मैत्रीण जैन आहे, ती आधी मागची बाजू वाचते आणि आता मीही वाचते. लाल रंगात कुठे कुठे कारमाइन असतं, सीआय ७५४७० लिहिलेलं असतं, ते कोचिनियल नावाच्या किड्यांपासून काढतात. ओठांवरचं पोटात जातंच थोडं, चतुर्थीच्या दिवशी तर मलाही नको वाटतं. बी वॅक्स म्हणजे मधमाशीचं मेण, ते बऱ्याच स्टिकमध्ये असतं, ज्यांना तेही चालत नाही त्यांनी कॅन्डेलिला नाहीतर कारनौबा असलेला शोधायचा, दोन्ही झाडांची मेणं. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येतं. हिरवा ठिपका असेल तर कारमाइनसाठी डोकं खपवायची गरज नाही, पण मधमाशीचं मेण त्यातही असू शकतं, तेव्हा तेही नको असेल किंवा ठिपकाच नसेल तर यादी वाचा, आणि वाचताना लक्षात ठेवा की जे जास्त ते आधी लिहितात, एक टक्क्याच्या खालचं मग कुठल्याही क्रमाने. म्हणजे पुढे मोठ्या अक्षरात "शिया बटर आणि बदाम तेल" आणि मागे ते सुगंधाच्याही नंतर, तर ते शिया बटर दर्शन देण्यापुरतंच आहे.

रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर जाणाऱ्यांनी साधी जेली लावा भरपूर, टिंट बिंट नको, त्या दिवशी फुकट एवढा टिंट मिळतो की विचारू नका.

मे महिन्याची गोष्ट वेगळी. इंदूर ४२ ला जातं, आणि उन्हात उभ्या ॲक्टिव्हाची डिक्की म्हणजे भट्टीच. मधमाशीचं मेण एकटं ६२-६४ अंशांना वितळतं, पण स्टिकमध्ये तेलं मिसळलेली असतात म्हणून ती फार आधीच लोळागोळा होते, टोपण उघडलं की अर्धा बाम टोपणात. असं झालं तर फिरवत बसू नका, उभी धरून सरळ फ्रीजमध्ये ठेवा, पटकन थिजू द्या. हळूहळू थिजलं तर शिया बटरवाल्यात रवाळ कण येतात, अपाय काही नाही पण ओठांवर खरखर लागते.

घेताना सील बघा, एमआरपी, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, आणि बाहेरून आलेला असेल तर इम्पोर्टरचा पत्ता. बाजारात ठेल्यावर चाळीस-पन्नासला मिळतो तोच रंग तोच डबा, तो मी घेत नाही, तोंडात जाणारी वस्तू आहे. दुकानातला टेस्टर थेट ओठांना तर अजिबात नाही, ओठांवर तापाचे फोड उठतात ना, ते असेच पसरतात, आणि त्याच कारणासाठी बहिणी-बहिणींनीही एकच स्टिक वापरू नये, कितीही प्रेम असलं तरी.

तर माझी पुढची खरेदी ठरलेली आहे. बेरी शेड, एसपीएफवाली, मेन्थॉल नसलेली, आणि संक्रांतीच्या आधी, कारण हळदीकुंकवाला वाण म्हणून नणंदेच्या मैत्रिणींना हेच द्यायचं चाललंय. पीच कोणाला देऊ नका एवढं मी तिला सांगून ठेवलंय.