टॅब की छोटा लॅपटॉप: आठ महिने फिरतीवर वापरल्यावर

माझं काम शाळा-कॉलेजांना लॅबचं सामान पुरवायचं, मायक्रोस्कोप, काचसामान, वजनकाटे वगैरे. घर नागपुरात, पण महिन्यातले बारा-पंधरा दिवस यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली करून राहिलो असतो, अन् एखादी चक्कर विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईची. जुना पंधरा इंची लॅपटॉप वागवून पाठीचे हाल झाले म्हणून ११ इंची अँड्रॉइड टॅब घेतला, सिमवाला, वरून साडेसहा हजाराचं कीबोर्ड कव्हर. दुकानदार म्हणाला लॅपटॉपची गरजच नाही पडणार. मलाही तेच ऐकायचं होतं.

दिवसाच्या कामाला टॅब खरंच भारी. कॅटलॉग उघडून स्टाफरूममध्ये दिला की हातोहात फिरतो, बायोलॉजीच्या मॅडम दोन बोटांनी फोटो मोठा करून लेन्स पाहतात. लॅपटॉप टेबलावर ठेवला तर कोणी हात नाही लावत, लांबूनच माना हलवतात. चलनावर पेनानं तिथंच सही घेतली की झालं. बॅटरी सकाळी गणेशपेठहून एसटीत बसल्यापासून रात्रीपर्यंत आरामात पुरते.

घोळ रात्री लॉजवर सुरू होतो. जूनमध्ये गडचिरोलीला होतो, संध्याकाळी एका टेंडरचं शुद्धिपत्रक आलं, बीओक्यू (सामान अन् दर भरायचा तक्ता) बदललेला, शेवटची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी ३. ज्यांनी ई-टेंडर भरलंय त्यांना माहीत आहे, बीओक्यू म्हणजे मॅक्रोवाली (आत छोटे प्रोग्राम असलेली) एक्सेल फाइल, अन् टॅबवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालतच नाहीत. फाइल उघडते, दिसते सगळं, भरता मात्र येत नाही. वरून डीएससी, म्हणजे डिजिटल सही, ती पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते. ओटीजी केबल लावून टोकन टॅबला जोडलं, त्याचा दिवा लुकलुकला, बस, तेवढंच, कारण सही करायचं सॉफ्टवेअर विंडोजचं. घरी भाच्याला फोन केला, जुन्या लॅपटॉपवरून तू भर म्हटलं, तर तो म्हणे मामा, टोकन कुठाय? टोकन माझ्या खिशात, लॅपटॉप नागपुरात. सकाळी नेट सेंटरच्या दारात जाऊन उभा राहिलो, तिथं टोकनचा ड्रायव्हर टाकण्यात बारा वाजले, मग जावा सॉफ्टवेअरची कटकट, मग लाइट गेली, अन् आली तेव्हा तीन वाजून गेले होते.

त्याच आठवड्यात बर्डीवरून १३ इंची विंडोज लॅपटॉप आणला. इंटेल प्रोसेसरचाच घेतला, एआरएम प्रोसेसरवाले पातळ असतात, बॅटरीही जास्त चालते, पण टोकनचा ड्रायव्हर त्यावर चालेलच असं छातीठोक कोणी सांगेना. हिशोबाचं टॅली पण विंडोजवरच. चार्जर टाइप-सीचा ६५ वॅटचा आहे, त्यावरच टॅब अन् फोनही होतो, बॅगेतला वायरींचा गुंता संपला.

अन् वजनाचं म्हणाल तर घरी किचनच्या काट्यावर ठेवून पाह्यलं. टॅब ५२० ग्रॅम, कीबोर्ड कव्हरसकट ९८०, लॅपटॉप १२४०. म्हणजे ज्या पाठीसाठी एवढा खटाटोप केला तिथं फरक पावशेराचा! शिवाय कव्हरचा स्टँड मांडीवर टिकत नाही, विदर्भच्या वरच्या बर्थवर तर गुडघ्याचा टेकू देऊन टाइप करावं लागायचं. लॅपटॉप कसाही ठेवा, स्क्रीन जागची हलत नाही.

उन्हाचं मात्र दोघांनाही वावडं. आयपॅडच्या कागदावरच वापरायचं तापमान ० ते ३५ डिग्री लिहिलंय, मॅकबुक एअरचंही वरचं टोक तेच, अन् आपल्याकडे मे महिन्यात ३५ म्हणजे सकाळचे नऊ. माझा टॅब चंद्रपूरला गाडीच्या डॅशबोर्डवर वीस मिनिटं राह्यला तर गरम झाल्याचा मेसेज देऊन बंदच पडला, प्रिन्सिपल सरांसमोर दहा मिनिटं कूलरपुढे धरून बसलो होतो.

म्हणून कोणी विचारलं की काय घेऊ, तर मी उलट विचारतो की रात्री रूमवर तुम्ही काय करता? नुसते मेल अन् कोटेशनची पीडीएफ असेल तर टॅब घ्या अन् खुशाल राहा. टेंडर, जीएसटी, टॅली यातलं एकही असेल तर आधी लॅपटॉप, टॅब नंतर पैसे उरले तर. मी आता एका दिवसात परत यायचं असेल तर फक्त टॅब नेतो, मुक्काम असला की दोन्ही.

कीबोर्ड कव्हर तेवढं पडून आहे, एकदम चांगल्या कंडिशनमध्ये. कोणाला पाहिजे असेल तर सांगा.