आठ महिने, एक प्रोजेक्टर आणि चौकोनी सिनेमे

नव्याचे नऊ दिवस सगळ्याच वस्तूंचे बरे जातात. हा प्रोजेक्टर मी दिवाळीच्या सेलमध्ये साडेसोळा हजारांना घेतला आणि आता आषाढ लागलाय, तेव्हा दोनशेचाळिसावा दिवस कसा जातो ते सांगायला हरकत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे. आणि माझा वापर तसा एकाच कामापुरता आहे : जुने सिनेमे, तेही शनिवारी संध्याकाळी. दूरदर्शननं लावलेली सवय. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट, हे वेळापत्रक आमच्या पिढीच्या अंगात भिनलंय. क्रिकेट किंवा वेबसिरीज पाहणाऱ्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं.

प्रेक्षक दोन. मी आणि आई. तिला ब्याऐंशी पूर्ण झाली. सुट्टीत पुतणी येते, तेव्हा तीन.

आधी मापं, कारण घेण्यापूर्वी मला ती कुणी नीट सांगितली नव्हती. यंत्र भिंतीपासून नऊ फुटांवर ठेवलं की जवळपास सात फूट रुंद चित्र पडतं. ऐकायला छान वाटतं. पण ही रुंदी आजच्या सिनेमाची. आपल्याला हवे ते पन्नास-साठ सालापर्यंतचे बहुतेक सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात, जुन्या टीव्हीच्या काचेसारखे. ते या सात फुटांत पाच फुटांच्या वर दोन-तीन इंचच जागा घेतात आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. पहिल्या दिवशी शेजारचे आले आणि म्हणाले, ‘‘अहो, बाजूची जागा वाया जातेय, ताणून घ्या की.’’

ते बटण आहे. ते दाबू नका, एवढ्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला बसलोय.

ताणलं की माणूस एकतृतीयांशानं रुंद होतो. ‘संत तुकाराम’मधले विष्णुपंत पागनीस देहूच्या भजनातून उठून थेट तालमीत चालल्यासारखे दिसतात. बैलगाडीची चाकं अंड्यासारखी होतात. वाईट म्हणजे नेटवर चढवलेल्या अर्ध्याअधिक प्रती आधीच ताणलेल्या असतात. काही जणांनी तर चित्र रुंद दिसावं म्हणून वरून-खालून कापलंय. नाचाच्या सिनेमात पायच कापलेले, बोला! सुदैवानं या यंत्राच्या सेटिंगमध्ये ‘चार बाय तीन’ असा पर्याय आहे. ताणलेली प्रत त्यानं पुन्हा दाबून सरळ करता येते. कापलेलीला मात्र इलाज नाही. विकत घेताना दुकानदाराला दुसरं काही विचारलं नाही तरी चालेल, हा पर्याय आहे का तेवढं विचारा.

खोक्यावर नऊ हजार ल्युमेन्स (उजेडाचं माप) छापलंय. त्यावर जाऊ नका. आकड्यामागे ‘आन्सी’ (म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेलं) असा शब्द नसेल तर तो आकडा म्हणजे लग्नपत्रिकेतलं ‘सहकुटुंब सहपरिवार’. दिवसा पडदे लावूनही चित्र फिकट दिसतं. रात्री दिवे घालवले की छान. मात्र काळा रंग काळा दिसत नाही, राखाडी दिसतो. रंगीत सिनेमात हे खपून जातं. ‘पिंजरा’ झकास दिसला. (डॉ. लागूंचा मास्तर तमाशाच्या फडात पाय टाकेपर्यंतचा भाग मला पूर्वीपेक्षा जास्त आवडला आणि त्यानंतरचा पूर्वीपेक्षा लांब वाटला. भांडायला या.) कृष्णधवल सिनेमात मात्र सगळा खेळ अंधाराचा असतो. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ हा 1959 चा, भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चित्राचा सिनेमा. तो लावायला म्हणून मी महिनाभर थांबलो होतो. रिकाम्या स्टुडिओत वरून येणारा तो प्रकाशाचा झोत छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून ऊन फिरवून मिळवला होता. माझ्या भिंतीवर झोत आला, पण अंधारच आला नाही. ढगाळ दुपारी कुणीतरी बॅटरी लावल्यासारखं दिसत होतं. शिवाय स्कोपचं चित्र रुंद, त्यामुळे सात फुटांत त्याची उंची तीन फूटही भरत नाही. म्हणजे सगळ्यात भव्य सिनेमा सगळ्यात बुटका दिसला. त्यासाठी मोठी खोली आणि तिप्पट पैसे लागतील, मला परवडणार नाहीत.

रंगाची छटा मूळची निळसर आहे. ‘वॉर्म’ करून घ्या आणि शार्पनेस शून्यावर आणा, नाहीतर जुन्या प्रिंटवरचा प्रत्येक ओरखडा नटांच्या बरोबरीनं काम करतो.

आवाज? आतला स्पीकर टाकाऊ. ब्लूटूथ लावलं तर शब्द ओठांच्या मागून येतात. दीडशे रुपयांची वायर घेऊन कपाटावरची जुनी म्युझिक सिस्टिम जोडली आणि विषय संपला.

पंख्याच्या घरघरीबद्दल मात्र सांगायला हवं. पहिले दोन महिने मीच ती सगळ्यांना कौतुकानं ऐकवत होतो, ‘‘ऐका, तंबूतल्या सिनेमाच्या मशीनसारखी येते की नाही?’’ मग एका शनिवारी ‘कुंकू’ लावला. प्रभातचा 1937 चा, शांतारामबापूंचा. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. मुद्दामच ठेवलेलं नाही. घरातले, रस्त्यातले आवाज तेवढे आहेत. गाणी आहेत, पण दोन पात्रं बोलायची थांबली की खोलीत खरोखर शांतता पसरते आणि त्यात म्हाताऱ्या नवऱ्याचं, काकासाहेबांचं घड्याळ ऐकू येतं. आमच्याकडे घड्याळाऐवजी पंखाच ऐकू येत होता. त्या दिवसापासून त्या घरघरीचं कौतुक संपलं. आता यंत्र दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर, आमच्या मागे, दारापाशी ठेवतो. उंचीही बरोबर जमते. त्याची ती आपोआप चित्र चौकोनात बसवण्याची सोय बंदच ठेवा. तिनं चित्राची धार जाते आणि मधेच कुणी उठलं की चित्र वळवळतं.

‘कुंकू’ मी आधी दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा लहान टीव्हीवर. तेव्हा लक्षात राहिलं होतं ते काकासाहेब झालेल्या केशवराव दात्यांचं मिशांना कलप लावणं. या वेळी पाच फुटांच्या भिंतीवर शांता आपट्यांचा चेहरा होता. फसवून लग्न लावलेली नीरा नवऱ्याला नवरा मानायला नकार देते आणि हे ती ओरडून नाही, नुसतं बघून सांगते. टीव्हीवर ते बघणं मला दिसलंच नव्हतं. काकासाहेबांची विधवा मुलगी सुशीला घरी येते तेव्हा तर आई पुढे सरकून बसली. ती शकुंतला परांजपे, रँग्लर परांजप्यांची मुलगी आणि दिग्दर्शिका सई परांजपेची आई. एरवी आई सिनेमाभर बोलते. ‘‘हा मेला बघ कसा’’, ‘‘हिची साडी इरकली दिसते’’ असं चालू असतं. त्या दिवशी शेवटपर्यंत गप्प. दिवा लावल्यावर म्हणाली, ‘‘आमच्या थोरल्या मावशीचं असंच झालं रे. तिनं नाही असं काही केलं. जेवायला वाढत राहिली.’’ ही मावशी मला नावापुरती माहीत होती. बाकीचं रात्री साडेअकरापर्यंत ऐकलं.

‘संत तुकाराम’च्या वेळी उलटं झालं. शेवटी तो गरुड तुकोबांना घेऊन आकाशात जातो, तो मोठ्या चित्रावर सरळ सरळ खेळण्यातला दिसतो. मी हसणार होतो, तेवढ्यात बाजूला पाहिलं तर आईनं हात जोडलेले. गप्प बसलो. माझं स्वतःचं मत विचाराल तर हा सिनेमा तुकोबांपेक्षा जिजाईचा आहे. प्रभातमध्ये साधी कामकरी म्हणून आलेल्या गौरीनं ती केली आहे. पोटाला काय घालू, हा तिचा प्रश्न विठ्ठलालाही चुकवता येत नाही. आमचे वडील ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचाच अभंग म्हणून शेवटपर्यंत म्हणत राहिले. मी गाथेत शोधून थकलो. तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला. हे वडिलांना सांगितलं होतं, त्यांनी मानलं नाही.

राजा परांजप्यांच्या विनोदाला मात्र मोठ्या पडद्याची गरज नाही, हे कबूल करतो. ‘लाखाची गोष्ट’ फोनवर पाहिलात तरी राजा गोसावींची वेळ चुकत नाही. पुतणी वीस वर्षांची आहे आणि जुना सिनेमा म्हटलं की तिला झोप येते. महिन्याभरात लाख रुपये उडवायचे आणि ते काही उडत नाहीत, यावर ती पोट धरून हसली. तिचा हिशोब असा, की आता लाख रुपये एका फोनमध्ये जातात. 1952 सालच्या विनोदाला याहून मोठी पावती मी तरी पाहिली नाही. ‘श्यामची आई’ अजून लावलेला नाही. आई म्हणते, लाव, मीच टाळतोय.

आता कुरकुर. पाचव्या महिन्यात चित्राच्या उजव्या कोपऱ्यात फिकट डाग दिसायला लागला. आत धूळ गेली. रंगीत चित्रात तो दडतो, कृष्णधवलमध्ये प्रत्येक नटीच्या कपाळावर चंद्र उगवल्यासारखा दिसतो. सेवा केंद्रात सांगितलं, धूळ वॉरंटीत बसत नाही. नऊशे रुपये आणि अकरा दिवस गेले. डाग गेला, पण रिमोटही तिथेच राहिला आणि तो आणायला आणखी एक खेप घालावी लागली. दुसरी अडचण यंत्राची नाही, आमच्या घराची. जूनमध्ये भिंतीला ओल आली. पांढऱ्या भिंतीवर फुकटात सिनेमा बघा असं सांगणारे पावसाळ्याचं काही बोलत नाहीत. शेवटी दुहेरी मांजरपाट आणला, शिंप्याकडून कडा शिवून घेतल्या, वर-खाली काठ्या घातल्या. तंबूतला पडदा तयार.

त्यावर दुसऱ्याच शनिवारी पुतणीनं रिमोट चाळताना मेनूत ‘रिअर’ की काहीतरी दाबलं आणि श्रेयनामावलीतली सगळी अक्षरं उलटी झाली. आरशात दिसावी तशी. हा पर्याय यंत्र पडद्याच्या मागे ठेवणाऱ्यांसाठी असतो. ती घाबरून बटणं दाबायला लागली आणि मी तिला थांबवलं, कारण ही अक्षरं मला ओळखीची होती. जत्रेत तिकिटाचे पैसे नसले की आम्ही पोरं कनात उचलून पडद्याच्या मागे जाऊन बसायचो. चित्र आरपार दिसायचं, फक्त डाव्याचं उजवं होऊन. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की दर वेळी थांबायचं. तेवढ्यात डोअरकीपर मागे आला तर पळायचं. नंतर शहरात आल्यावर कळलं, की आमचा आवडता नट डावखुरा नव्हताच.

हे मी रंगवून सांगत होतो तेव्हा आई मांजरपाटाकडे बघत होती. म्हणाली, ‘‘कनात उचलून? आमच्या वेळी बायकांच्या बाजूला एक फाटकी जागा होती.’’

मग पुतणीला म्हणाली, ‘‘राहू दे गं तसंच. पहिलं गाणं होईपर्यंत.’’